बेल आधी, नजर नंतर

हेमांगी परुळेकरने सातशे बाराव्या वेळी डबी बसवली आणि सातशे बाराव्या वेळी हिरवा दिवा निमूटपणे लागला. बिघडलेलं यंत्र बिघडल्यासारखं वागलं तर माणूस फार तर वैतागतो. पण ते शहाण्यासारखं वागायला लागलं की वेड लागायची पाळी येते. गेले नऊ दिवस हेमांगीची तीच अवस्था होती. टेबलावर पट्टा, पट्ट्याला तपासणीची वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला संगणक, आणि संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक त्याच त्या ओळी : डबी आली, डबी ओळखली, पंप सुरू. कुठे खोट म्हणून दिसत नव्हती.

खोट तर होतीच. त्याच शहरातल्या एका अतिदक्षता विभागात आनंदा लोहार नावाचा बावन्न वर्षांचा माणूस पाच दिवस पडून होता, आणि हेमांगीच्या पट्ट्यामुळेच तो मरणाच्या दारात जाऊन आला होता.

पट्ट्याचं नाव निर्मळ. मूत्रपिंडं निकामी झाली की माणसाला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसावं लागतं. निर्मळने ती खुर्ची कमरेला बांधण्याइतकी लहान केली होती. पट्ट्यातला छोटासा पंप शरीरातलं रक्त एका डबीतून फिरवायचा, डबीतली भुकटी रक्तातलं विष शोषून घ्यायची. आठ तासांत भुकटी भरली की जुनी डबी काढायची, नवी बसवायची. पंप बंद करायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं नाही. तेवढ्या वेळात रक्त बाजूच्या वाटेने, न गाळता, फिरत राहायचं. बायका स्वयंपाक करता करता डबी बदलत. कोल्हापुरातल्या एक्केचाळीस जणांवर पाच महिने चाचणी चालू होती, आणि त्या एक्केचाळीस जणांनी पाच महिन्यांत खुर्चीचं तोंड पाहिलं नव्हतं.

डबी आली की गेली हे पट्ट्याला कळावं कसं, हे काम हेमांगीचं. यंत्राचा एकेक भाग आणि त्याचा मेंदू यांच्यात एक दुभाषा लागतो, त्या छोट्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. हेमांगी गेली बावीस वर्षं ड्रायव्हर लिहीत होती. हे काम चांगलं झालं तर कुणाला दिसत नाही. दिसतं तेव्हा लोक शिव्या देत असतात.

त्यातून निर्मळची बॅटरी काडेपेटीएवढी. ती चौदा तास पुरवायची तर एकच उपाय होता, पट्ट्याच्या मेंदूला जमेल तेव्हा झोपवायचं. पंप संथपणे चालू राहायचा, मेंदू डुलकी काढायचा. हिरवा दिवासुद्धा दोन सेकंद लागून विझायचा. जुनी डबी काढली की मेंदू आठ सेकंद जागा राहून वाट बघायचा. नवी आली नाही, तर डबीच्या खाचेला सांगून ठेवायचा की कुणी आलं तर मला उठव, आणि झोपी जायचा. या झोपण्या-उठण्याचा हेमांगीला मनातून अभिमान होता. कंपनीतले सगळे सहा तासांवर अडले होते, चौदा तिने काढून दाखवले होते.

आनंदा लोहारच्या पट्ट्याच्या स्मृतीत मात्र एवढंच सापडलं : जुनी डबी काढली. त्यानंतर तीन तास काहीच नाही. त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा नवी डबी खाचेत व्यवस्थित बसलेली होती. पट्ट्याला ती आल्याचा पत्ताच नव्हता. डबीविना चाळीस मिनिटं गेली की पंपच धोक्याची शिट्टी वाजवतो, तिची नोंद होत नाही; ती वाजलीही असणार, पण लोहार एसटीच्या गाड्यांना रंग मारायच्या कारखान्यात कामाला होता आणि कंप्रेसरच्या आवाजात त्याला ती ऐकू आली नाही. त्याच्या रक्तातलं पोटॅशियम आधीच काठावर असायचं, त्या तीन तासांत ते आणखी वाढत गेलं आणि हृदयाचा ठोका चुकायला लागला.

चाचणीच्या प्रमुख डॉ. रुक्साना मुजावर शनिवारी संध्याकाळी प्रयोगशाळेत आल्या, हेमांगीच्या समोर स्टूल ओढून बसल्या.

"सापडलं?"

"नाही. मी लावते तेव्हा दर वेळी ओळखतो."

"हेमांगी, शुक्रवारी समिती बसणार आहे. कुठे चुकतं हे सांगता येत नसेल, तर मला एकच करता येतं. मेंदूची झोप पूर्ण बंद करायची. जागा राहील तर चुकणार नाही, बरोबर?"

"बॅटरी साडेतीन तास पुरेल मग."

"मग प्लगला लावून ठेवायचं. घरात फिरता येईल, वायर पुरेल तिथपर्यंत. माणूस जिवंत तर राहील."

डॉक्टरांचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी हेमांगी असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. तरी त्या गेल्यावर ती समोरच्या पट्ट्याकडेच बघत राहिली, कारण चाचणीतल्या सात नंबरच्या पट्ट्याची मालकीण तिच्या घरी होती.

कुमुदआत्या सत्त्याहत्तर वर्षांची. हेमांगी चार वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून तिला वाढवलं ते या आत्याने. लग्न केलं नाही. संगमेश्वराच्या बाजूच्या एका लहान गावात ती टेलिफोन ऑपरेटर होती आणि एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाली होती. सरळ पाठीची, चटचट चालणारी आणि त्याहून चटचट बोलणारी बाई. दीड वर्ष खुर्चीत बसवलं तेव्हा तिचं बोलणं कमी झालं होतं. घरात ते फार भयंकर वाटायचं. पट्टा आला आणि पहिल्याच आठवड्यात ती एकटी रंकाळ्याला चक्कर मारून आली. पोटॅशियमच्या भीतीने बंद झालेलं टोमॅटोचं सार पुन्हा करायला लागली. हेमांगीने आयुष्यात लिहिलेल्या साऱ्या ओळींत तिला सगळ्यात प्रिय ओळी कुठल्या, असं कुणी विचारलं असतं तर तिने त्या साराकडे बोट दाखवलं असतं.

रविवारी सकाळी हेमांगीने तिला सगळं सांगितलं. आत्या ऐकत भाजी निवडत होती.

"म्हणजे मला भिंतीला बांधणार," ती म्हणाली.

"तात्पुरतं."

"तात्पुरतं म्हणजे किती?"

"सापडेपर्यंत."

"मग माझं आत्ताच ऐकून ठेव. मी बांधून घेणार नाही. पट्टा परत करेन आणि खुर्चीतही जाणार नाही. दीड वर्ष बसले, पुष्कळ झालं. माझं वय झालंय, मी रडत नाहीये, तूही रडू नकोस."

खुर्चीत नाही आणि पट्टाही नाही, याचा अर्थ दोघींनाही कळत होता. दोन-तीन आठवडे. हेमांगी भांडली, समजावून पाहिलं, शेवटी उठून दुसऱ्या खोलीत गेली. या बाईने एकदा ठरवलं की संपलं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

दुपारी एकला दोघी जेवायला बसल्या. एक ही आत्याची डबी बदलायची वेळ. भात वाढता वाढता, पट्ट्याकडे न बघता, तिने पदराखाली डावा हात घातला. हेमांगीच्या कानावर तीन आवाज आले. खट्, खट्, खट्. मग आणखी एक.

नऊ दिवस तोच आवाज ऐकून हेमांगीचे कान तयार झाले होते. डबी बदलताना दोनच आवाज व्हायला हवेत, एक काढल्याचा आणि एक बसवल्याचा.

"आत्या, आत्ता काय केलंस?"

"डबी बदलली."

"काढलीस, बसवलीस, परत काढलीस आणि परत बसवलीस."

आत्याने साराची वाटी तिच्याकडे सरकवली. "निवतंय ते. जेव."

"आत्या."

आत्याने चमचा खाली ठेवला. "पहिल्या महिन्यात एकदा ती शिट्टी वाजली. डबी तर बसवलेली होती. काढून परत बसवली, लागला दिवा. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. तेव्हापासून मी दोनदाच बसवते. मग कधी काही होत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझं नाव आहे त्यावर. पाच महिन्यांची चाचणी, त्यात पहिल्या महिन्यात तक्रार कोणाची, तर तुझ्याच आत्याची. कशाला म्हटलं. दोनदा बसवायला काय जातं?"

"आणखी कुणाला ठाऊक आहे हे?"

"बायकांना सांगितलंय सगळ्यांना. गुरुवारी तपासणीला जातो, तेव्हा आमच्या बाकावर नवीन कोणी आली की आधी हेच सांगते. शिकवलं तसं करतात बिचाऱ्या."

"आणि पुरुषांना?"

"ते समोरच्या बाकावर असतात, मोबाइलात डोकं घालून. त्यांच्याशी कोण..." आत्या बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तो लोहार तिकडे बसायचा. निळ्या शर्टातला. हो ना?"

हेमांगीला राग आला होता. आणि त्याच वेळी तिला हेही दिसत होतं की या बाईने जे लपवलं ते तिच्यासाठी लपवलं. दोघींचं ताट तसंच राहिलं.

मग आत्याच बोलली. आवाज बदललेला होता, कामावरचा. "तुझं यंत्र झोपायला जातं तेव्हा नेमकं काय करतं, ते सांग मला. पायरीपायरीने. मोठे शब्द नकोत."

"आधी खाचेकडे बघतं. डबी नाही, याची खात्री करून घेतं. मग खाचेला सांगतं की कुणी आलं तर बेल वाजव. मग झोपतं."

"बेल किती वेळा वाजते?"

"एकदाच. डबी आत शिरते त्या क्षणाला."

"म्हणजे आधी बघतं आणि मग बेल लावतं?"

"हो."

"उलटं आहे ते," आत्या म्हणाली.

मग तिने सांगितलं. शंभर नंबरांचं एक्स्चेंज होतं तिचं. समोर बोर्ड, त्यावर प्रत्येक नंबराची एक झडप. गिऱ्हाइकाने हँडल फिरवलं की त्याची झडप पडायची. झडप पडताना एकदा ठण्ण वाजेल अशी बेलही होती, पण समोर बसलेलं असताना तिचा कटकटाट नको म्हणून बंद ठेवायचे. तिचं बटण दाराजवळ. दुपारी एकटी असली की आत्या बोर्डाकडे एक नजर टाकायची, सगळ्या झडपा वर आहेत ना बघायची, दाराशी जाऊन बेल चालू करायची आणि आतल्या खोलीत डबा खायला बसायची. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एक दिवस ती जेवून परत आली, तर एक झडप पडलेली.

"मी बोर्डाकडे बघितलं आणि दाराशी गेले, त्या चार पावलांत पडली होती ती. बेल तेव्हा बंद. चालू केली तोवर झडप पडून गेलेली, मग ती कशाला वाजतेय? लाकडाच्या वखारीतला फोन होता. करवतीत माणसाचा हात गेला होता, डॉक्टर हवा होता त्यांना. अकरा मिनिटं हँडल फिरवत बसले ते." तिने पाण्याचा घोट घेतला. "माणूस वाचला. हात गेला. मला कुणी बोललं नाही, पण वरच्या जोगळेकरबाई होत्या, त्यांनी माझा हात धरला, दाराशी नेलं आणि पुन्हा पुन्हा करायला लावलं. आधी बेल लावायची. मग वळून बोर्डाकडे बघायचं. मग जेवायला जायचं. बेल आधी, नजर नंतर. मधल्या वेळात झडप पडली तर नजरेला सापडते, नंतर पडली तर बेलला सापडते. तिसरी वेळच उरत नाही."

हेमांगी उष्ट्या हाताने तशीच बसून राहिली. बावीस वर्षांत तिने याहून स्वच्छ समजावून सांगितलेलं ऐकलं नव्हतं. तिचं यंत्र तेच करत होतं, फक्त चार पावलांच्या जागी एका सेकंदाचा पन्नासावा भाग होता. बघणं आणि बेल लावणं यांच्यामधली एवढीशी फट. बहुतेक लोकांना डबी बदलायला आठ-दहा सेकंद लागतात, आणि मेंदू झोपायला निघतो तोही आठव्या सेकंदाला. एक्केचाळीस माणसं, दिवसाला तीन-तीन डब्या. दोन दिवसांतून एकदा कुणाची ना कुणाची डबी त्या फटीत पडत असणार, आणि शिट्टी ऐकू आली की आपलंच चुकलं म्हणून लोक ती पुन्हा बसवत असणार. मेंदूने पाहिलं तेव्हा ती नव्हती, बेल लागली तेव्हा ती येऊन बसलेली होती. काढून दुसऱ्यांदा आत सरकवली की मात्र बेल वाजायची, मेंदू दचकून उठायचा. आत्याची युक्ती म्हणजे झोपलेल्याला हलवून जागं करणं होतं.

"मग मला का दिसलं नाही हे?" ती पुटपुटली. "आणि तुम्ही सगळ्या दोनदा बसवता, तर ते तरी नोंदीत का नाही आलं?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिला त्याच दुपारी प्रयोगशाळेत मिळाली, आणि दोन्ही तिच्याच हातची होती. तपासणीची वायर पट्ट्याला वीजही पुरवत होती. वीज मिळतेय म्हटल्यावर पट्ट्याचा मेंदू झोपायलाच जात नव्हता. नऊ दिवस ती जाग्या यंत्रात झोपेतली चूक शोधत बसली होती. हे एक.

दुसरं जास्त लागलं. डबी बसवताना धातूची टोकं थरथरली तर यंत्राला एकाऐवजी चार डब्या आल्याचा भास होतो, म्हणून असे खोटे इशारे गाळून टाकायची चाळणी ड्रायव्हरमध्ये असतेच. सहसा ती सेकंदाच्या दहाव्या भागाची असते. हेमांगीने ती दोन सेकंदांची केली होती, आणि शेजारी टीपही लिहून ठेवली होती : वृद्ध रुग्ण, हात कापतात. दोन सेकंदांत काढून परत बसवलेली डबी पट्टा ओळखायचा, पण नोंदवहीत दोनांची एकच ओळ उरायची. ती टीप लिहिताना डोळ्यांसमोर आत्याच होती. एकतीस वर्षं एक्स्चेंजच्या बोर्डावर वायरीच्या पिना शंभर भोकांत न बघता घालणारी आत्या. तिचे हात कधीच कापत नव्हते. हेमांगीने त्या हातांकडे एवढ्या वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. बेल लावायची ओळ वर घेतली, आणि तिच्या खाली खाचेकडे पुन्हा एकदा बघायची ओळ लिहिली. वायर काढून टाकली. मग डबी बसवायचा यांत्रिक हात मांडला आणि त्याला नेमक्या आठव्या सेकंदाच्या आगेमागे डब्या बसवायला लावलं. जुन्या ड्रायव्हरवर सोमवारी दुपारपर्यंत त्याने एकशे साठ चुका पकडून दिल्या. चूक डोळ्यांनी दिसली तेव्हा हेमांगीला खरं सांगायचं तर आनंदच झाला. नव्या ड्रायव्हरवर बुधवारी संध्याकाळपर्यंत तो हात चालत राहिला. चूक शून्य. बॅटरी चौदा तास.

डॉ. मुजावरांनी आकडे दोनदा वाचले. "सुरेख," त्या म्हणाल्या, आणि त्या सहसा असं म्हणत नसत. "पण समिती विचारेल, पाच महिने हे लपून कसं राहिलं. चाळणीचं लिहिलंयस, चांगलं केलंस. या दोनदा बसवण्याचं काय? 'काही वापरकर्त्यांच्या सवयीमुळे' असं मोघम का?"

हेमांगीने अहवाल पिशवीत घातला. चाचणीत येताना प्रत्येकाने सही केलेल्या कागदावर नववं कलम होतं. पट्ट्यातला दोष जाणूनबुजून लपवणाऱ्याला चाचणीतून वगळण्यात येईल. नाव लिहिलं की आत्याचा पट्टा जाणार, आणि पट्टा गेला की आत्या खुर्चीत बसणार नाही. बुधवारी घरी जाताना हेमांगीने ठरवून टाकलं की मोघमच ठेवायचं. दुरुस्ती झालीय, लोहार बरा होतोय, एका नावाने कुणाचं काय भलं होणार आहे? स्वतःला पटवायला तिला फारसा वेळ लागला नाही.

आत्याने तिचा चेहरा बघितला आणि अहवाल वाचायला मागितला. चष्मा लावून सगळा वाचला.

"यात मी नाही."

"गरज नाही."

"लोहारला वाटत असेल की त्याचंच काही चुकलं," आत्या म्हणाली. "शुक्रवारी किती वाजता आहे तुमची सभा?"

"तू येऊ नकोस. आत्या, पट्टा काढून घेतील."

"मला वाचता येतं, हेमा. सही मीच केलीय."

शुक्रवारी अकरा वाजता समितीसमोर कुमुद परुळेकर इस्त्रीची पांढरी साडी नेसून उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही. आनंदा लोहार कोपऱ्यात बसला होता, गालफडं बसलेली, तोच निळा शर्ट. तिने तारीख, वेळ सांगितली, किती बायकांना शिकवलं तो आकडा सांगितला. कारण सांगताना हेमांगीकडे बघितलं नाही. "माझ्या भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला कमीपणा येऊ नये म्हणून मी लपवलं, आणि त्यात या माणसाचा जीव जायची वेळ आली."

लोहार उठून उभा राहिला.

"म्या म्हनलं माजंच चुकलं," तो म्हणाला. "डबी नीट बसीवली न्हाई म्हनून झालं. पाच दिस दवाखान्यात त्योच इचार. घरातली बी तसंच म्हनत्यात, तुमचं ध्यान नसतंय." त्याने आत्याकडे पाहिलं. "बाई, आमच्या बाकापर्यंत दहा पावलं बी नव्हती. सांगाय पायजे हुतं."

"हो," आत्या म्हणाली. "सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

तिने हात जोडले. हेमांगीने आपल्या आत्याला देवळाबाहेर हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवले नाहीत.

समितीने तासाभरात निर्णय दिला. झोप बंद करायची गरज नाही. नवा ड्रायव्हर सगळ्या पट्ट्यांवर चढवायचा. चाळणी पुन्हा सेकंदाच्या दहाव्या भागाची करायची. पायऱ्यांच्या नव्या क्रमाला अहवालात 'परुळेकर क्रम' म्हणायचं, अशी डॉ. मुजावरांनी स्वतः ओळ घातली. परुळेकर म्हणजे कुमुद, हेही मुद्दाम स्पष्ट केलं. आणि नववं कलम आहे तसंच लागू. चाचणीचा पुढचा टप्पा बारा आठवड्यांनी सुरू होतो, तोपर्यंत कुमुद परुळेकर बाहेर. डॉक्टरांनी कलम वाकवलं नाही. आत्याने तिथेच पट्टा काढून देण्याची तयारी दाखवली. डॉक्टर म्हणाल्या, आधी नळ्या सोडवून नस खुर्चीसाठी तयार करून घेऊ, उद्या.

घरी येईपर्यंत हेमांगीने तिला खुर्चीबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारायची भीती वाटत होती. आत्या मात्र वाटेत रिक्षावाल्याला रस्ता सांगत होती, नेहमीसारखी.

सोमवारी सकाळी सहा वाजता हेमांगीला स्वयंपाकघरातून आवाज आला. आत्या डबा भरत होती. चार तासांचं बसणं आहे, मध्ये भूक लागते, म्हणाली.

"तू तर म्हणाली होतीस, खुर्चीत जाणार नाही."

"तेव्हा मला कुणी तरी बसवणार होतं. आता मीच ओढवून घेतलंय, तर बसायला नको?" तिने झाकण लावलं. "बारा आठवडे. मोजून. तोंड पाडून उभी राहू नकोस, उशीर होतोय."

खुर्चीने तिला पुन्हा थकवलंच. पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन संध्याकाळपर्यंत पडून राहायची, टोमॅटोचं सार बंद झालं, रंकाळा बंद झाला. कुरकुर मात्र तिने केली नाही. हेमांगी आठवड्यातून तीन दिवस सकाळी तिच्याजवळ बसायची आणि मांडीवर संगणक ठेवून काम करायची. आपण किती मोठ्या माणसाच्या हाताखाली वाढलो हे तिला त्या स्टुलावर बसून कळत गेलं.

तिसऱ्या सोमवारी वॉर्डात गडबड झाली. आनंदा लोहारची प्रकृती सुधारली होती, आणि नवा ड्रायव्हर चढवलेला पट्टा सगळ्यांत आधी त्याला मिळणार होता. पलीकडच्या पलंगावर नर्सने त्याच्या नसेला नळ्या जोडल्या, पट्टा कमरेला बांधला, डबी हातात दिली. लोहारने ती बसवली. एकदाच. दिवा लागला आणि विझला.

त्याने शर्ट खाली ओढला, चपला घातल्या आणि आत्याच्या खुर्चीशी येऊन थांबला.

"येतो बाई," तो म्हणाला.

"या. आणि त्या कंप्रेसरपासून जरा लांब उभे राहत जा."

"व्हय," तो हसला.

खुर्ची खिडकीजवळ होती. लोहार आवार ओलांडून फाटकाकडे निघाला. सुरुवातीला तो कमरेवर हात ठेवून जपून चालत होता. फाटकाजवळ बस येताना दिसली तसा त्याने हात काढला आणि धावत जाऊन बस पकडली. आत्या मान वळवून बघत होती. तिच्या हातात डायलिसिसच्या दोन सुया टोचलेल्या होत्या, यंत्रावर दोन तास चाळीस मिनिटं बाकी दिसत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

हेमांगीने संगणक बाजूला ठेवला. "आत्या, दुखतंय का? नर्सला बोलावू?"

"नाही गं," आत्या म्हणाली. "बघितलंस ना, धावला तो."